विष नव्हतं, दादा

दादा, तू गेल्यावर पाचव्या दिवशी पाध्येकाकू भेटायला आल्या. सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, तुझ्या फोटोकडे बघून डोळे टिपले आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "ते जनावर इथेच आहे म्हणे?" मी म्हटलं, "हो, आतल्या खोलीत." तर त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून सोफ्यावर घेतले. समाचाराला आलेल्या असताना! वर म्हणाल्या, "वैशाली, विष भिनायला वेळ लागत नाही गं. सुहासभाऊंचं बघितलं ना आपण."

विष नव्हतं, दादा. हे वाक्य मी गेल्या तीन आठवड्यांत किती जणांना सांगितलं असेल. बिल्डिंगच्या वॉचमनला, तुझ्या मेहुण्याच्या, मिलिंदच्या ऑफिसातल्यांना, गावाहून फोन करणाऱ्या प्रत्येकाला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर तुझी बातमीच झाली. "पाळीव पालीच्या विषाने शारजात मराठी उद्योजकाचा मृत्यू." खाली फोटो, तोही तुझ्या इग्वानाचा, बाळूचा नाही. कुठल्यातरी वाळवंटातली काळी-केशरी, मण्यामण्यांच्या कातडीची जाडी पाल. तुला स्वतःच्या मरणापेक्षा त्या चुकीच्या फोटोचा जास्त राग आला असता. "अरे, हा अमेरिकेतला प्राणी आहे, हा खरंच विषारी असतो, बाळू शाकाहारी आहे!" असं काहीतरी तू तिथल्या तिथे लिहून पाठवलं असतंस, चारपाच उद्गारचिन्हांसकट.

मी लिहिलं. "हा फोटो इग्वानाचा नाही आणि माझ्या भावाला विषबाधा झालेली नाही." त्यावर हात जोडलेली पंधरा चित्रं आली आणि एकाने लिहिलं, "ताई, तुम्ही दुःखात आहात, समजू शकतो."

बघ आता. दोन वर्षं मी तुझ्याशी ज्या गोष्टीवरून भांडले, ती आता मीच तुझ्या बाजूने लोकांना पटवत फिरतेय आणि ऐकायला तू नाहीस. असा कसा रे तू!

बाळू आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझ्या बिल्डिंगमधलं चौथ्या मजल्यावरचं कुटुंब व्हिसा संपला म्हणून घाईघाईने देश सोडून गेलं आणि जाताना त्यांनी काचेची पेटी खाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवून दिली. ऑगस्ट महिना, भर दुपार, आणि पेटीत चार फूट लांब हिरवा इग्वाना. तू तुझ्या एसी-डक्टच्या वर्कशॉपला निघाला होतास. तशीच गाडी थांबवलीस, पेटी उचलून पुढच्या सीटवर ठेवलीस, तिला सीटबेल्ट लावलास आणि एसी फुल करून मला फोन केलास.

"वैशू, घरी पाहुणा आलाय."

"कोण रे?"

"बाळू. आत्ताच नाव ठेवलं."

मला वाटलं वहिनीच्या माहेरचं कुणी असेल. संध्याकाळी मी पोळ्या आणि मटकीची उसळ घेऊन आले, तर तुझ्या पडद्याच्या दांडीवर ते प्रकरण शेपूट लोंबकळत बसलेलं. डब्यासकट मी दारातच थांबले. "पालीला बाळू म्हणतोस? हे इथे राहणार असेल तर मी येणार नाही." तू हसलास. मी येत राहिले, पण त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही.

वहिनीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तुझी लेक मुग्धा त्याच जूनमध्ये कॉलेजसाठी पुण्याला गेली होती. घरी आल्यावर तुझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, हे मला दिसायला हवं होतं. मला फक्त पाल दिसली.

आपलं हे भांडण तसं बाळूच्याही आधीचं. बाबांची बदली झाली होती त्या गावातल्या क्वार्टरमध्ये आईला आमटीच्या पातेल्यात पाल सापडली, सगळे जेवून उठल्यावर. ती ओरडली, आणि पुढच्या दहा मिनिटांत मी, आई, बाबा आणि जेवायला थांबलेले शेजारचे काका, सगळे ओकत होतो. सरकारी दवाखान्यात रांगेने झोपवलं होतं आम्हांला. तू दोन वाट्या आमटी पिऊन आधीच क्रिकेट खेळायला पळाला होतास, आणि त्या गोंधळात तुला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. तू संध्याकाळी ठणठणीत परत आलास आणि विचारलंस, "कुठे गेले सगळे? मला भूक लागलीय."

ही गोष्ट तू पुढची चाळीस वर्षं सांगितलीस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत. "पालीच्या अंगात विष असतं तर सगळ्यांच्या आधी मी गेलो असतो. यांना विष नाही बाधलं, यांना बातमी बाधली." लोक हसायचे. मी चिडून म्हणायचे, "तुझ्या वाटीत वरचं पाणी आलं असेल." मग तू सुरू व्हायचास. घरातली पाल विषारी नाही, सरडा नाही, आणि जिला बघून अख्खं गाव काठी घेऊन धावतं ती सापसुरळीसुद्धा नाही. खऱ्या विषारी पाली जगात मोजक्या, त्याही दूर तिकडे अमेरिकेच्या वाळवंटात, आणि त्यांचं विष खालच्या जबड्यात.

"मग एवढी वर्षं सगळे लोक वेडे होते का?" मी विचारायचे.

"वेडे नव्हते गं. घाबरलेले होते."

तुझा आवाज तेव्हा किती मऊ व्हायचा. मला ते चालायचं नाही. मला वाटायचं, तू मला लहान समजतोस.

आणि मग तो रविवार. बाळू त्या दिवसांत बिथरलेला असायचा, हे मला आता कळलंय. नर इग्वाना वर्षातले काही आठवडे असे तापट होतात. तू त्याला पेटीतून काढून बाल्कनीत ऊन दाखवायला नेत होतास. त्याने उजव्या हाताला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, कचकन चावा घेतला. पत्र्यांचा ट्रक वर्कशॉपच्या दारात उभा होता, ड्रायव्हर फोनवर फोन करत होता. म्हणून तू कापूस दाबलास, वरून डक्ट जोडायची ती चंदेरी टेप गुंडाळलीस आणि गेलास. एसीच्या डक्टची टेप, दादा! जखमेवर!

मंगळवारी मी डबा घेऊन आले तेव्हा तो चंदेरी हात बघितला.

"काय झालं?"

"काही नाही, बाळूने लाड केले."

आणि तिथे, तुझ्या किचनच्या दारात, मी आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. मी म्हटलं, "दादा, विष असतं त्यांच्यात!"

तू ज्या वाक्याची वाट बघत असायचास तेच वाक्य मी तुझ्या हातात दिलं. तू खुर्ची ओढलीस, मला बसवलंस आणि सुरू झालास. इग्वानाच्या तोंडातल्या ग्रंथींत विषासारखं काहीतरी अगदी नावापुरतं असतं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही म्हणतात तेही नाही, पण माणसाला त्याने काही होत नाही, डॉक्टर रेश्मांना विचार हवं तर. रेश्मा म्हणजे बाळूची डॉक्टर. त्यांचं नाव तू एखाद्या कोर्टाच्या निकालासारखं घ्यायचास. मी म्हटलं, "त्याला आजच्या आज कुणालातरी देऊन टाक." तू म्हणालास, "विष नाही म्हणतोय ना." मी म्हटलं, "मग हाताला चटका का लागतोय बघ." मी हात लावला होता, गरम होता. तू हात मागे घेतलास. "चावल्यावर गरम होणारच. खलास, विषय बंद."

विषय बंद झाला नाही. बुधवारी तू मला तीन व्हिडिओ पाठवलेस. गुरुवारी मी तुला एक पाठवला, त्यात कुणीतरी सांगत होतं की पालीचा चावा सात दिवसांनी चढतो. शुक्रवारी आपण अर्धा तास फोनवर भांडलो, आणि त्या अर्ध्या तासात तू दोनदा म्हणालास की थंडी वाजतेय. दोन्ही वेळा मी म्हटलं, "बघ, विष!" आणि दोन्ही वेळा तू म्हणालास, "व्हायरल आहे, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना झालंय."

वर्कशॉपमध्ये कुणालाही झालं नव्हतं. मी जलीलभाईला नंतर विचारलं.

शनिवारी सकाळी त्याचाच फोन आला. वीस वर्षं तुझा फोरमन असलेला माणूस, पहिल्यांदा मी त्याला रडताना ऐकलं. "मॅडम, जल्दी आइए. सुहासभाई ठीक से बात नहीं कर रहे. हम लोग उनको हॉस्पिटल ले के जा रहे हैं." मी पोचले तेव्हा तू स्ट्रेचरवर होतास, डोळे अर्धवट, आणि नर्सने ती टेप कापली होती. तो हात कोपरापर्यंत लाल होता, दादा. टेपच्या आत मी पहिल्यांदा बघितलं. चार दिवस मी त्या हाताबद्दल भांडत होते आणि तो मी बघितलाच नव्हता.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. मी तिला तीनदा सांगितलं, "लिझर्ड बाइट आहे, पॉयझन आहे." ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे व्हेनम नाही. इन्फेक्शन आहे, रक्तात पसरलंय. यांना डायबेटिस आहे ना? शेवटची शुगर कधी चेक केली? गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मला माहीत नव्हतं. इग्वानाच्या तोंडात कुठल्या ग्रंथी कुठे असतात हे मला तोंडपाठ झालं होतं, आणि माझ्या सख्ख्या भावाची साखर किती, तो गोळ्या घेतो की नाही, हे माहीत नव्हतं. नंतर तुझ्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

मुग्धा आली, सगळं झालं, आणि परत जाताना विमानतळावर म्हणाली, "आत्या, आय डोन्ट वॉन्ट टू सी दॅट थिंग अगेन. त्याला इंजेक्शन दे. प्लीज. त्याने बाबाला मारलं." एवढं मराठी ती फार दिवसांनी सलग बोलली असेल. मी म्हटलं, "देते." मला पटलंच होतं. जलीलभाईने पेटी आमच्याकडे आणून ठेवली होती आणि मी लांबून, काठीला बांधलेल्या पळीने, त्यात पालक टाकत होते. माझाही त्याच्यावर राग धुमसत होता.

म्हणून मी बाळूला गाडीत घालून डॉक्टर रेश्मांकडे गेले. बारीक चणीच्या, केरळातल्या कोट्टयमच्या बाई, हिंदी तुटक पण स्पष्ट. तुझं कळल्यावर त्या खुर्चीत बसल्याच. मग त्यांनी हळूच विचारलं, "हाथ धोया था उन्होंने?"

मी म्हटलं, "मतलब?"

"मैंने बोला था ना उनको. पहले दिन ही बोला था. ज़हर नहीं है, लेकिन दाँत आरी जैसे हैं, और मुँह में बैक्टीरिया होता है. काटे तो साबुन से, बहते पानी में, पाँच मिनट. और आपको शुगर है, तो उसी दिन डॉक्टर के पास. लिख के भी दिया था." त्यांनी कॉम्प्युटरवर तुझी नोंद उघडून दाखवली. होतं तिथे. दोन वर्षांपूर्वीचं.

दादा, मी तिथे काय बोलले असेन ते तुला सांगत नाही, पण आपल्या घरात ते शब्द चालत नाहीत. तुला माहीत होतं. तुला सगळं माहीत होतं! डॉक्टरांनी तुला दोन वाक्यं सांगितली आणि तू त्यातलं एकच मला सांगितलंस. विष नाही, एवढं. पुढचं गिळलंस. दोन वर्षं रोज जिंकत राहिलास माझ्याशी, अर्धी गोष्ट सांगून. असा विजय काय कामाचा होता रे? पोरगी पुण्यात एकटी बसलीय तुझी.

रागाने मी त्यांच्या पार्किंगमध्येच गाडीत बसून राहिले. बाळू मागे होता. तुझ्यामुळेच मी ती गाडी चालवते, हे तेव्हाच आठवायची काही गरज नव्हती, पण आठवलं. लायसन्सच्या टेस्टमध्ये मी पाच वेळा नापास झाले, आणि पाचही वेळा तू काम सोडून बाहेर उन्हात उभा होतास, हातात कडक चहाचे दोन कप. मिलिंदलाही कंटाळा आला होता. तू एकदाही "जमणार नाही तुला" म्हणाला नाहीस. सहाव्या वेळी पास झाले तर माझ्याआधी तूच रडलास आणि वर म्हणालास, "ऊन फार आहे, डोळ्यांत पाणी येतं."

माझ्यासाठी इतका धीर होता तुझ्याकडे. मग मला खरं सांगायला का घाबरलास?

याचं उत्तर मला तिथेच, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले असताना मिळालं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. तू ते दुसरं वाक्य मला सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी बाळूला घराबाहेर काढलं असतं. "बघ, मी म्हणत होते ना" असं म्हणत, हात झटकत. तुला ते पक्कं ठाऊक होतं. घरी आल्यावर ज्याच्याशी बोलायचास, तो एकच जीव तुझ्याजवळ उरला होता, आणि मी डबा घेऊन येऊन दर वेळी त्याला काढायचं म्हणत होते. चावल्यावरसुद्धा तू हात दाखवला नाहीस, कारण हात दाखवला असता तर बाळू गेला असता.

गाढवपणा तुझाच. पण तुला लपवायला लावणारी मी होते. हे मला तुला सांगायचं होतं आणि सांगायला तू हवा होतास.

त्या दिवशी मी इंजेक्शन दिलं नाही. माझी स्वतःची शुगर तपासून घेतली, ठीक आहे. मिलिंदचीही करवली. मग मुग्धाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दोन्ही वाक्यं. ती म्हणाली, "सो ही न्यू? बाबाला माहीत होतं?"

"हो."

"मग आता मी कुणावर चिडू, आत्या?"

"बाबावर. मीही त्याच्यावरच चिडलेय. आणि माझ्यावरही चीड, चालेल."

ती रडली. आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडतोय असं मला पहिल्यांदा वाटलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "डोन्ट किल हिम. पण कुणाला तरी चांगल्या घरी दे."

डॉक्टर रेश्मांनीच घर शोधून दिलं. फुजैराला एक जोडपं, नवरा बंदरावर कामाला, बायको घरी. दोघांनाही प्राण्यांची हौस. गेल्या शनिवारी मी आणि मिलिंद बाळूला पेटीसकट घेऊन डोंगरातून तिकडे गेलो. मिलिंद खूश होता, खोटं कशाला सांगू. तिथे सगळं छान होतं. मोठी बाल्कनी, कुंडीत जास्वंद, फुलं खायला घालायची म्हणून त्यांनी मुद्दाम आणलेली. बाई प्रेमळ. तिने विचारलं, "काटता है क्या?"

मी म्हटलं, "हाँ, काटता है. ज़हर बिलकुल नहीं है. लेकिन दाँत आरी जैसे हैं, और ज़ख़्म सड़ सकता है." मग साबण, वाहतं पाणी, पाच मिनिटं, सगळं सांगितलं. तुझ्या वाटचंही मीच सांगितलं. शेवटी विचारलं, "घर में किसी को शुगर तो नहीं है?"

नवरा मोकळेपणाने हसला. पोटावर हात फिरवत म्हणाला, "मुझे है थोड़ी. लेकिन टेन्शन नहीं लेने का मॅडम, कंट्रोल में है. गोली भी कभी-कभी ही लेता हूँ."

मी त्याच्याकडे बघितलं. तुझ्याच वयाचा असेल. तसंच हसणं, तोच हात झटकण्याचा आविर्भाव. मी वाकले, पेटीच्या दोन्ही कडा धरल्या आणि पेटी उचलली. बाई म्हणत राहिली, "क्या हुआ, दीदी?" मी म्हटलं, "माफ करना. आप लोग पहले इनका शुगर चेक कराइए." आणि मी बाळूला घेऊन जिना उतरले, कारण लिफ्टची वाट बघायला मी थांबले असते तर त्यांनी मला समजावलं असतं.

मिलिंद मागून धावत आला. घाट संपत आल्यावर तो म्हणाला, "मग आता हा कुठे राहणार?"

"आपल्याकडे."

"कायमचा?"

रडू येत होतं आणि राग आवरत नव्हता, तुझा, त्या माणसाचा, माझा. मागे पेटीत बाळू नखांनी काच ओरबाडत होता. मिलिंदने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, आतल्या दुकानात गेला आणि हात धुवायच्या साबणाच्या तीन मोठ्या बाटल्या घेऊन आला. त्या माझ्या मांडीवर ठेवल्या, पट्टा लावला आणि म्हणाला, "यल्ला, चल. अंधार पडायच्या आत त्याची पेटी लावून घेऊ."